डॉन क्विक्झोट : हसण्यासाठी जन्मलेला थोर पुरुष



जगातील सर्व कल्पित पात्रांमध्ये श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मी आज आपल्यापुढे विचारासाठी ठेवीत आहे. प्रश्न ऐकताच कित्येकांच्या मनात अशी शंका येईल की, असली निवड करावयाची तरी कशासाठी? मल्लांची कुस्ती लावता येते, कारण पाठ मातीला लागली की निकाल लागतो. हॅम्लेटची पाठ कोण कशी मातीला लावणार? शंका रास्त आहे. तथापि, श्रेष्ठ कोण हे सांगावयाचे म्हटले की श्रेष्ठत्व कशाला म्हणावयाचे हे आधी ठरवावे लागते, आणि माझ्या मते या प्रश्नाचा खरा उपयोग तोच आहे. निकाल आपणांस मान्य झाला नाही तरी चालेल. कसोट्या मात्र आपण तपासून पाहाव्यात.

प्रथम क्षेत्राची मर्यादा सांगतो. राम, कृष्ण, कर्ण, द्रौपदी यांना मी या विचारातून वगळले आहे. कोट्यवधी लोक त्यांना कल्पित मानीत नाहीत. शिवाय त्यांची घडण एका लेखकाच्या लेखणीने झालेली नसून अनेक पिढ्यांच्या स्मरणातून झालेली आहे. ज्याचा जनक कोण हे ठाऊक आहे आणि जन्मसालही सांगता येते, अशाच मानसपुत्रांचा आपण येथे विचार करू.

अशा पात्रांसाठी मी तीन कसोट्या सुचवितो. पहिली कसोटी अशी की, ज्याने मूळ ग्रंथ उघडलेला नाही त्यालाही पात्र ओळखीचे असावे. किंबहुना त्याचे नाव विशेषनाम न राहता सामान्यनाम बनावे. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याला शंभर वर्षे होऊन गेली, तरी मराठी वृत्तपत्रांत दारुड्यांना आजही 'तळीराम' म्हणतात. पात्राचा हा केवढा विजय! दुसरी कसोटी अशी की, ते पात्र लेखकाच्या ताब्यातून सुटलेले असावे. कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली लोटून दिले. पण वाचकांनी तो मृत्यू मानलाच नाही आणि १९०३ मध्ये लेखकाला त्यास जिवंत करून परत आणावे लागले. तिसरी कसोटी सर्वांत कठीण. प्रत्येक युगाला त्या पात्राचा नवा अर्थ लागला पाहिजे, आणि तरीही ते पात्र तेच राहिले पाहिजे. हॅम्लेट हे याचे ठळक उदाहरण होय.

आता पाहा, तळीराम पहिल्या कसोटीला उतरतो, पण त्याच्या नावाचा अर्थ एकच आहे. होम्स पहिल्या दोन कसोट्यांना उतरतो, पण १८८७ मध्ये तो जसा अवतरला तसाच तो आजही आहे. आपण त्याच्यावर लुब्ध होतो, त्याच्याविषयीचे आपले मत बदलत नाही. हॅम्लेटची खोली कोणीही नाकारणार नाही. परंतु हॅम्लेट हा राजपुत्र आहे आणि पहिल्या प्रवेशापासून शोकनायक आहे. त्याला मान मिळावा म्हणूनच तो निर्माण झाला व त्याला मान मिळाला. ज्याला जगाने हसावे म्हणूनच निर्माण केले, आणि ज्याने हसणाऱ्या जगालाच हळूहळू अंतर्मुख केले, असे पात्र माझ्या माहितीत एकच आहे. ते म्हणजे स्पेनमधील सर्व्हांतेसचा डॉन क्विक्झोट. स्पॅनिश उच्चार 'किखोते' असा आहे. पण आपल्याकडे हे नाव इंग्रजीच्या वाटेने आले, म्हणून रूढ उच्चारच मी ठेवतो.

हे पात्र समजण्यासाठी आधी त्याच्या जनकाचे आयुष्य पाहिले पाहिजे, कारण त्या आयुष्याइतका कल्पना आणि वस्तुस्थिती यांचा झगडा फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. मिगेल द सर्व्हांतेसचा जन्म १५४७ मध्ये आल्काला द एनारेस या गावी झाला. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या आरमारी लढाईत तुर्कांविरुद्ध लढताना त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. १५७५ मध्ये मायदेशी परतताना चाच्यांनी त्याचे जहाज पकडले व त्याला अल्जीअर्सला गुलाम म्हणून नेले. तेथे तो पाच वर्षे होता. चार वेळा त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि चारही वेळा तो फसला. अखेर १५८० मध्ये त्रिनिटेरियन पंथाच्या साधूंनी पाचशे सोन्याची नाणी भरून त्याला सोडविले.

वीर म्हणून गेलेला हा माणूस परत आला तेव्हा त्याची वाट पाहत कोणीही बसलेले नव्हते. इंग्लंडवर चालून जाणाऱ्या आरमारासाठी गावोगाव फिरून गहू आणि तेल वसूल करण्याची नोकरी त्याने १५८७ पासून केली. ज्यांच्या कोठारातून धान्य न्यावयाचे ते शिव्या देत. चर्चच्या मालकीच्या धान्याला हात लावला म्हणून त्याला धर्मबहिष्कृतही व्हावे लागले. १५९० मध्ये त्याने अमेरिकेतील वसाहतीत एखादी जागा मिळावी म्हणून अर्ज केला. उत्तर आले की, येथेच काहीतरी शोधावे. पुढे सरकारी वसुलीची रक्कम ज्या पेढीवाल्याकडे ठेवली होती त्याचे दिवाळे निघाले, आणि १५९७ मध्ये सर्व्हांतेसला सेव्हिलच्या तुरुंगात जावे लागले. आपल्या या ग्रंथाची कल्पना तुरुंगात जन्मली, असे त्याने स्वतःच प्रस्तावनेत सूचित केले आहे.

त्या काळचा स्पेनही असाच होता. अमेरिकेतून चांदीने भरलेली जहाजे येत होती, आणि तरी राजाने १५५७, १५७५ व १५९६ मध्ये सावकारांची देणी थांबविली होती. जगातील सर्वांत मोठे साम्राज्य हाती होते, आणि खेड्यांत 'हिदाल्गो' नावाचा एक वर्ग होता, ज्याच्याजवळ घराण्याचे नाव, कराची माफी आणि भिंतीवर टांगलेला जुना भाला एवढेच शिल्लक होते. श्रम करणे कुळाला कमीपणाचे आणि लढाई तर दूर गेलेली. अशा रिकाम्या माणसाने करावयाचे काय? तो वाचीत बसे.

वाचावयास काय होते? 'आमादिस द गाउला' हा अद्भुत पराक्रमांचा ग्रंथ १५०८ मध्ये छापला गेला, आणि त्यामागोमाग शिलेदारांच्या कथांची लाटच आली. राक्षस, जादूगार, कैदेतील राजकन्या आणि एकट्याने फौजा कापून काढणारे वीर असा सर्व मसाला त्यात असे. या कथांचे वेड इतके वाढले की, १५३१ मध्ये राजाज्ञेने त्या अमेरिकेतील वसाहतींत नेण्यास मनाई करण्यात आली. आज्ञा कागदावर राहिली, पुस्तके जातच राहिली. या कथांचे हसे करून त्या बंद पाडाव्यात हा सर्व्हांतेसचा उघड हेतू होता आणि तो त्याने लपविलेला नाही. ग्रंथाचा पहिला भाग १६०५ च्या आरंभी माद्रिद येथे प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखक सत्तावन्न वर्षांचा होता.

कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ला मान्चा प्रांतातील पन्नाशीला आलेला एक सडपातळ हिदाल्गो जमिनीचे तुकडे विकून शिलेदारी कथा विकत घेतो, रात्रंदिवस वाचतो आणि त्याची बुद्धी चळते. जगातील अन्याय दूर करण्यासाठी भटका शिलेदार व्हावयाचे तो ठरवितो. पणजोबांचे गंजलेले चिलखत घासूनपुसून अंगावर चढवितो, हाडे निघालेल्या घोड्याला रोसिनांते हे भारदस्त नाव देतो, शेजारच्या गावातील एका शेतकऱ्याच्या मुलीला मनोमन दुल्सिनिया हे नाव देऊन आपली स्वामिनी ठरवितो, आणि निघतो. त्याच्याबरोबर सँचो पान्झा नावाचा शेतकरी गाढवावर बसून ढालाईत म्हणून येतो, कारण मालकाने त्याला एका बेटाची सुभेदारी देऊ केलेली असते. तीसचाळीस पवनचक्क्या दिसतात. मालक त्यांना राक्षस समजून भाला रोखतो आणि पाते लागून घोड्यासह मैदानात लोळतो. १६०५ च्या स्पेनने हे वाचले आणि हसून हसून त्याची मुरकुंडी वळली.

येथपर्यंत सर्व काही लेखकाच्या बेताप्रमाणे चालले आहे. एका वेड्याचे विडंबन, आणि तेही उत्तम. मग श्रेष्ठत्व कोठून आले? माझे म्हणणे असे आहे की, या ग्रंथात हसणारी माणसे एका जातीची नाहीत. आणि पुढच्या चारशे वर्षांत वाचकांनी जे जे केले ते सर्व या ग्रंथातील पात्रांनी आधीच करून ठेवले आहे.

परंतु नायकाची बाजू घेण्यापूर्वी त्याच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा पुढे ठेवतो. पहिल्याच सफरीत क्विक्झोटला एक शेतकरी आपल्या पोरसवदा गुराख्याला झाडाला बांधून पट्ट्याने फोडीत असलेला दिसतो. मुलाचे नाव आंद्रेस. नऊ महिन्यांचा पगार त्याने मागितला हा त्याचा अपराध. क्विक्झोट भाला उगारून मुलाला सोडवितो, पगार देण्याची शपथ मालकाकडून घेतो आणि एक अन्याय दूर केल्याच्या समाधानात निघून जातो. तो दिसेनासा होताच शेतकरी मुलाला पुन्हा बांधतो आणि अर्धमेला होईतो मारतो. बऱ्याच प्रकरणांनंतर हा आंद्रेस पुन्हा भेटतो. क्विक्झोट अभिमानाने सोबत्यांना सांगतो, पाहा, या मुलाला मी सोडविले. मुलगा सर्वांदेखत खरी हकीकत सांगतो आणि विनवितो की, यापुढे मला कोणी फाडून टाकताना दिसलो तरी तुम्ही मदतीला येऊ नका.

श्रोतेहो, विडंबनकाराला या दुसऱ्या भेटीची गरज नव्हती. पहिल्या प्रसंगावर हसू येऊन गेले होते. पण सर्व्हांतेसने त्या मुलाला परत बोलावले आणि त्याला बोलू दिले. सदिच्छेच्या पोटी दुसऱ्याची पाठ फुटू शकते, हे त्याने जिची पाठ फुटली तिच्याच तोंडून वदविले. ध्येयवादी नायकाची स्तुती करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. नायकाच्या ध्येयवादाचा बिल नायकाच्या हातात देणारे फार थोडे. क्विक्झोट त्या वेळी लाजतो असे लेखक सांगतो. थोरपणाची पहिली खूण मला या लाजण्यात दिसते.

दुसरी खूण सँचोमध्ये आहे. सँचो निघतो तो लोभाने. मालकाच्या वेडाला पहिल्यांदा हसणारा तोच, कारण पवनचक्क्या त्याला पवनचक्क्याच दिसतात. पण वाटेत एक गोष्ट घडते. दोघे बोलत राहतात. उघड्या माळावर, खाणावळीत, मार खाऊन पडल्यावर, उपाशी असताना ते बोलतच राहतात, आणि कादंबरी नावाच्या वाङ्मयप्रकारात दोन माणसांचे असे दीर्घ संभाषण याआधी कोणी लिहिले नव्हते म्हटले तरी चालेल. बोलता बोलता धन्याची थोडी कल्पना नोकराला लागते आणि नोकराचा थोडा व्यवहार धन्याला लागतो.

दुसऱ्या भागात एक ड्यूक आणि त्याची पत्नी या दोघांना आपल्या वाड्यात नेतात. त्यांनी पहिला भाग वाचलेला आहे. दोन वेडे करमणुकीस मिळाले म्हणून ते लटका मानसन्मान करतात, खोट्या राजकन्या आणि खोटे जादूगार उभे करतात, आणि सँचोला खरोखरच 'बेट' म्हणून एक गाव देऊन सुभेदार नेमतात. आता खरी मौज, असे त्यांना वाटते. पण हा निरक्षर शेतकरी न्यायासनावर बसतो आणि उत्तम न्याय देऊ लागतो. एक म्हातारा तक्रार करतो की, मी उसने दिलेले दहा सोन्याचे तुकडे हा परत देत नाही. ऋणको आपली काठी धनकोच्या हाती देतो आणि शपथ घेतो की, मी पैसे याच्या हाती दिले आहेत. शपथ होताच काठी परत घेतो. सँचो क्षणभर विचार करतो, काठी मागवितो, धनकोला देतो आणि फोडावयास सांगतो. काठीतून दहा नाणी पडतात. ज्यांनी थट्टा मांडली त्यांनाच आश्चर्याने थक्क व्हावे लागले.

सुभेदारी सुटल्यावर सँचो आला तसाच रिकाम्या हाताने, कोणाचा पैसा न घेता निघतो. वाटेत त्याला रिकोते नावाचा गावातला जुना दुकानदार भेटतो. स्पेनमधील मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती झालेले मुसलमान, यांना राजाने १६०९ पासून देशाबाहेर घालविले होते. सुमारे तीन लाख माणसे अशी गेली. रिकोते त्यांपैकी एक, वेष पालटून लपत परत आलेला. पुरलेले धन काढण्यास मदत केलीस तर दोनशे नाणी देईन, असे तो म्हणतो. सँचो राजाज्ञेविरुद्ध जाऊन पैसे घेत नाही, पण शेजाऱ्याला पकडूनही देत नाही. दोघे रस्त्याच्या कडेला बसून भाकरी खातात व निरोप घेतात. हद्दपारी झाली त्याला जेमतेम सहा वर्षे झाली होती, तेव्हा हे लिहिले गेले. लोभाने निघालेला शेतकरी येथवर आला तो एका वेड्याच्या सहवासात. जो दुसऱ्याला मोठा करतो तो मोठा, ही व्याख्या आपल्याला मान्य असेल, तर सँचो हाच क्विक्झोटच्या थोरपणाचा सर्वांत भक्कम पुरावा होय.

हा दुसरा भाग लिहिला जाण्याची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १६१४ मध्ये आवेयानेदा असे टोपणनाव घेऊन कोणीतरी क्विक्झोटचा बनावट दुसरा भाग प्रसिद्ध केला, आणि प्रस्तावनेत सर्व्हांतेसच्या म्हातारपणाची व लुळ्या हाताची टवाळी केली. सर्व्हांतेसचा खरा दुसरा भाग १६१५ मध्ये आला. त्याने काय करावे? खाणावळीत क्विक्झोटच्या कानावर ते बनावट पुस्तक घातले. आपण सारागोसाला गेल्याचे त्यात लिहिले आहे असे कळताच क्विक्झोट सारागोसाचा बेत रद्द करतो आणि बार्सेलोनाचा रस्ता धरतो. पुढे बनावट ग्रंथातील एक पात्रच त्याला भेटते आणि खरा क्विक्झोट हाच, असे गावच्या अधिकाऱ्यापुढे लिहून देते. होम्सला वाचकांनी परत आणले. येथे पात्रानेच परक्या लेखकाला नाकारले आहे. दुसऱ्या कसोटीचा याहून चांगला दाखला मला सापडत नाही.

आता शेवट. गावातील सॅन्सन कॅरास्को हा पदवीधर तरुण क्विक्झोटला शहाणा करण्याचा विडा उचलतो. बार्सेलोनाच्या किनाऱ्यावर तो शिलेदाराच्या वेषात येऊन त्याला पाडतो, गळ्यावर भाला ठेवतो आणि दुल्सिनिया सर्वश्रेष्ठ नाही असे कबूल करावयास सांगतो. क्विक्झोट म्हणतो की, माझ्या दुबळेपणामुळे सत्याला कमीपणा येऊ नये. तू मला ठार कर. दुल्सिनिया कोठेच नाही हे वाचकाला ठाऊक आहे. तरीही येथे हसू येत नाही. घरी परतल्यावर त्याला ताप येतो. एका दीर्घ झोपेनंतर तो जागा होतो तो शहाणा होऊन. माझे नाव डॉन क्विक्झोट नव्हे, अलोन्सो किखानो, असे तो सांगतो. मृत्युपत्र करतो आणि सँचोची क्षमा मागतो. आणि सँचो? जो पहिल्या दिवसापासून पवनचक्क्यांना पवनचक्क्या म्हणत आला, तो रडत रडत धन्याला विनवितो की, मरू नका, उठा, आपण पुन्हा रानात जाऊ. शहाण्याला वेड हवेसे झाले तेव्हा वेडा शहाणा होऊन निघून गेला.

सर्व्हांतेस २२ एप्रिल १६१६ रोजी वारला. त्यानंतर वाचकांच्या पिढ्या सुरू होतात. खरे तर त्या आधीच सुरू झाल्या होत्या. १६०५ सालीच लिस्बनमध्ये चोरून आवृत्त्या निघाल्या आणि प्रती अमेरिकेला जहाजांतून गेल्या; १६०७ मध्ये पेरूच्या डोंगरातील पाउसा गावी एका उत्सवात क्विक्झोटचे सोंग निघाले. १६१२ मध्ये शेल्टनचे इंग्रजी भाषांतर आले, १६१४ मध्ये उदँचे फ्रेंच. या पहिल्या वाचकांना क्विक्झोट म्हणजे सोंग वाटला. ते ड्यूकसारखे हसले.

अठराव्या शतकात हसणे पालटू लागले. १७३८ मध्ये लंडनमध्ये स्पॅनिश भाषेतच या ग्रंथाची देखणी आवृत्ती निघाली व तिच्यासाठी सर्व्हांतेसचे पहिले चरित्र लिहिले गेले. फील्डिंगने १७४२ मध्ये 'जोसेफ अँड्र्यूज' लिहिली, तेव्हा आपण सर्व्हांतेसच्या धर्तीवर लिहीत आहोत असे मुखपृष्ठावरच जाहीर केले. त्याच्या कादंबरीतील भोळा पाद्री हास्यास्पद आहे, परंतु त्याच्याभोवतीचे व्यवहारी लोकच अधिक हीन आहेत. म्हणजे नजर वेड्यावरून त्याला हसणाऱ्यांकडे वळली. जर्मनीत टीकने १७९९ पासून केलेल्या भाषांतरानंतर तेथील लेखकांना त्यात आदर्श आणि वास्तव यांचे द्वंद्व दिसले. १८६० मध्ये तुर्गेनेव्हने हॅम्लेट आणि क्विक्झोट यांची तुलना करणारे जाहीर व्याख्यान दिले. एक स्वतःत गुंतलेला, दुसरा स्वतःला विसरलेला. जगाचे काम दुसऱ्यावाचून चालत नाही, असा त्याचा आशय होता. डोस्टोव्हस्कीने १८६८ मध्ये 'इडियट' लिहिताना एक संपूर्ण सुंदर मनुष्य रंगवावयाचे ठरविले, तेव्हा त्याच्यापुढे क्विक्झोटचा नमुना होता. १८९८ मध्ये स्पेनने क्यूबा, पोर्टो रिको व फिलिपाइन्स गमावले. त्या पराभवाच्या छायेत ग्रंथाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९०५ मध्ये, उनामुनोने क्विक्झोटला देशाचा गुरू मानून त्यावर भाष्य लिहिले. २००२ मध्ये नॉर्वेतील एका ग्रंथमंडळाने ५४ देशांच्या शंभर लेखकांना सर्वोत्तम कथाग्रंथ विचारले, तेव्हा सर्वांत अधिक मते यालाच पडली.

पाहा, पात्र तेच. पण सोंग, मग सज्जन, मग ध्येयवादी, मग संत, मग राष्ट्रगुरू. युरोपाच्या वाचकांनी दोनशे-तीनशे वर्षांत जो प्रवास केला तो सँचोने हजार पानांत केला होता.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला नाबोकोव्हचा. १९५१-५२ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत त्याने हा ग्रंथ क्रूर असल्याचे म्हटले. एका म्हाताऱ्याला पानोपानी मार आणि वाचकांनी हसावे! क्रौर्य आहे, हे मी मान्य करतो. परंतु लेखकाला ते दिसले नाही, हे मान्य करणार नाही. ड्यूकच्या वाड्यातील थट्टा संपता संपता लेखक स्पष्ट सांगतो की, थट्टा करणारे थट्टा झालेल्यांइतकेच वेडे होते. एक सद्‌गृहस्थही कॅरास्कोला म्हणतो की, या वेड्याला शहाणे करून तू साऱ्या जगाचे नुकसान केलेस. वाचकाला आधी हसावयास लावून मग त्याला त्याचे हसणे दाखवावयाचे, ही या ग्रंथाची रीतच आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. उनामुनोच्या वाटेने जाणारे म्हणतात की, क्विक्झोट संतच आहे, त्याच्यात दोष पाहू नका. मला हे पहिल्या आक्षेपापेक्षाही धोक्याचे वाटते. क्विक्झोटची पूजा मांडली की आंद्रेस विसरला जातो. विसाव्या शतकाने मोठमोठ्या ध्येयांच्या नावाने पुष्कळ आंद्रेसांच्या पाठी फुटलेल्या पाहिल्या आहेत, आणि ध्येयाच्या शिलेदारांपैकी फारच थोडे लाजले. क्विक्झोट श्रेष्ठ आहे तो निर्दोष म्हणून नव्हे. त्याची चूक, त्याचा मार, त्याचे लाजणे आणि त्याची श्रद्धा ही सर्व एकाच देहात आहेत, आणि त्यांतले एकही काढले तर तो उभा राहत नाही.

हे पात्र आपल्यापासून फार दूरचे आहे असेही समजू नये. बॉस्टनमधील ग्रंथसंग्राहक कार्ल टिल्डन केलर याला क्विक्झोटची निरनिराळ्या भाषांतील भाषांतरे जमविण्याचा छंद होता. त्याच्या इच्छेवरून संशोधक ऑरेल स्टाइन यांनी १९३५ च्या सुमारास काश्मीरमधील पंडित नित्यानंद शास्त्री यांना विनंती केली, आणि त्यांनी जगद्धर झाडू यांच्या साह्याने इंग्रजीवरून आठ प्रकरणे संस्कृतात उतरविली. हस्तलिखित हार्वर्डच्या ग्रंथालयात पडून राहिले. पुढे ते अभ्यासकांच्या हाती लागले आणि २०१९ मध्ये पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाच्या ग्रंथमालेत छापले गेले. स्पेनच्या तुरुंगात सुचलेली गोष्ट काश्मीरच्या पंडितांनी देववाणीत आणावी आणि पुण्याने ती छापावी, हा प्रवास खुद्द क्विक्झोटलाही जादूगाराचीच करणी वाटला असता.

आता समारोप करतो. आपल्या प्रत्येक गावात एखादा क्विक्झोट असतो. ग्रामसभेत दर वेळी तोच हिशेब मागणारा, हरलेले दावे पुन्हा लढणारा, लहान पोरांच्या चेष्टेचा विषय झालेला. त्याच्याशी आपण तीन रीतींनी वागू शकतो. ड्यूकप्रमाणे त्याला खुर्ची देऊन करमणूक करून घेता येते. कॅरास्कोप्रमाणे त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याला पाडता येते. किंवा सँचोप्रमाणे, पवनचक्कीला पवनचक्कीच म्हणत, त्याच्याबरोबर चार कोस चालता येते. आणि तो कोणासाठी लढतो आहे, त्या मुलालाही एकदा विचारता येते की, बाबा, या मदतीने तुझे काय झाले?

हे चार प्रश्न एकाच वेळी आपल्यापुढे टाकणारे दुसरे कल्पित पात्र मला ठाऊक नाही. म्हणून माझे मत मी डॉन क्विक्झोटला देतो.